कामेहामेहाचं माप: ८,००० की ९,०००?

गोकूचा कामेहामेहा भारी की व्हेजिटाची गॅलिक गन? शाळेत असताना मधल्या सुट्टीत तुम्ही हा वाद घातला असेल, किंवा निदान ऐकला तरी असेल. डबा अर्धा राहायचा, घंटा व्हायची आणि निकाल काही लागायचा नाही. मी हाच वाद पीएच.डी.पर्यंत ओढत आणला आहे. माझा विषय जपानी मासिकांचा आणि त्यांच्या वाचकांचा इतिहास असल्यामुळे आता तो घालायला मला फेलोशिप मिळते, एवढाच फरक. (मिळते म्हणजे उशिरा मिळते. तो विषय पुन्हा कधीतरी.)

तुमच्यापैकी बरेच जण सध्या पेट किंवा सिनॉप्सिसच्या तयारीत आहात. ‘प्राथमिक साधन’, ‘दुय्यम साधन’, ‘साधनचिकित्सा’ हे शब्द तुम्ही पाठ केले असतील. मीही केले होते. त्यांचा अर्थ मात्र मला एका कार्टूनमधल्या आकड्याने शिकवला, आणि त्यात माझं एक अख्खं प्रकरण परत आलं.

झालं असं. चाहते हल्ल्यांची तुलना कशी करतात हे दाखवण्यासाठी मी साठ ओळींचा एक तक्ता केला होता. पात्र, हल्ला, शक्तीचा आकडा असे तीन रकाने. त्यात एका ओळीत होतं: गोकू, पृथ्वीवर परतल्यावर, ९,००० पेक्षा जास्त. माझ्या गाइड मॅडमनी आयुष्यात ड्रॅगन बॉल पाहिलेलं नाही. त्यांनी पेन्सिलीने नेमक्या त्या ओळीभोवती गोल केला, कारण तिथे ‘पेक्षा जास्त’ लिहिलं होतं आणि बाकी सगळीकडे नेमके आकडे होते.

“हे कोणी मोजलं?”

“व्हेजिटाने, मॅडम. त्याच्या डोळ्यावर यंत्र असतं.”

“ते असू दे. तुला कोणी सांगितलं?”

मला उत्तर देता आलं नाही. मला ते कोणीच सांगितलेलं नव्हतं, मला ते माहीतच होतं. जगात सगळ्यांनाच माहीत आहे. आणि ते चूक आहे.

त्या चुकीकडे येण्याआधी थोडं मागे जाऊ, कारण हल्ल्यांना आकडे लावण्याची खोड ड्रॅगन बॉलने सुरू केलेली नाही.

१९७९ साली ‘शोनेन जम्प’ या जपानी साप्ताहिकात ‘किन्निकुमान’ नावाची कुस्तीगीर महामानवांची मालिका सुरू झाली. युदेतामागो या नावाने दोन मित्र ती करत. तिच्यात प्रत्येक मल्लाला शक्तीचा आकडा असतो. नायक किन्निकुमान ९.५ लाख, त्याचा साथीदार वॉर्झमान १० लाख, आणि समोर उभा ठाकलेला बफेलोमान थेट १ कोटी. आता दहापट ताकदवान प्रतिस्पर्ध्याला वॉर्झमान हरवणार कसा? तर तो भर मैदानात गणित मांडतो. एका हातात पंजाचं हत्यार असतं ते दोन्ही हातांत घेतलं, म्हणजे १० अधिक १०, झाले २० लाख. नेहमीच्या दुप्पट उंच उडी मारली, ४० लाख. नेहमीच्या तिप्पट गिरक्या घेतल्या, १ कोटी २० लाख. बफेलोमानपेक्षा जास्त! आणि खरंच, तो जाऊन आदळतो तेव्हा बफेलोमानचं एक शिंग तुटतं. पुढे वॉर्झमान हरतो ते हरतोच, पण त्याचं गणित जपानमध्ये ‘वॉर्झमानचा सिद्धांत’ म्हणून अजून थट्टेने आठवलं जातं.

हसू येतं ना? पण हे गणित नीट बघा. आधी बेरीज आहे, मग दोन गुणाकार. उंची दुप्पट झाली की शक्ती दुप्पट, गिरक्या तिप्पट झाल्या की शक्ती तिप्पट, हे कोणी ठरवलं? कोणीच नाही. एककं न तपासता रकाने गुणण्याची ही पद्धत मी नंतर काही प्रबंधांतही पाहिली आहे, तिथे मात्र कोणी हसत नाही. मुद्दा असा की ८० च्या दशकातल्या मुलाला ही मालिका एक नवीच गोष्ट शिकवत होती: कोण जिंकेल याचं उत्तर कागदावर काढता येतं.

अकिरा तोरियामा यांची ‘ड्रॅगन बॉल’ त्याच साप्ताहिकात १९८४ च्या नोव्हेंबरात सुरू झाली आणि १९९५ मध्ये संपली. एकूण ५१९ भाग, पुस्तकरूपात ४२ खंड. याच काळात साप्ताहिकाचा खप ६५ लाख ३० हजार प्रतींपर्यंत गेला. सुरुवातीची चार वर्षं या मालिकेत आकडे नाहीत. कामेहामेहा (हे नाव हवाईच्या राजाचं, ते तोरियामांच्या पत्नीने सुचवलं) केवढा मोठा, हे तो काय मोडतो यावरून कळायचं. म्हाताऱ्या कामे-सेन्निनने, म्हणजे आपल्या मास्टर रोशीने, एका कुस्तीच्या स्पर्धेत कामेहामेहा सोडून चक्क चंद्र फोडला होता. तो किती ‘पॉवर’चा होता असं तेव्हा विचारणंच शक्य नव्हतं. मापच नव्हतं.

माप आलं १९८८ च्या शेवटी. राडिट्झ नावाचा परग्रहावरचा योद्धा पृथ्वीवर उतरतो, त्याच्या डोळ्यावर ‘स्काउटर’ नावाची हिरवी काच असते. समोर बंदूक घेतलेला शेतकरी असतो. काच सांगते, ५. बस्स, या एका पानानंतर वादाची भाषाच बदलली.

त्या पहिल्या लढाईतले आकडे आजही चाहत्यांना तोंडपाठ असतात, आणि ते खरंच विचार करण्यासारखे आहेत. गोकू आणि पिकोलो दोघेही अंगावर वजनदार कपडे घालून आलेले असतात. तेव्हा गोकू ३३४, पिकोलो ३२२. कपडे उतरवल्यावर ४१६ आणि ४०८. म्हणजे दोघे जवळजवळ बरोबरीचे. आता हल्ले बघा. गोकू कामेहामेहासाठी हात मागे घेतो तेव्हा काच ९२४ दाखवते. पिकोलो दोन बोटं कपाळाला लावून माकानकोसाप्पो (इंग्रजीत स्पेशल बीम कॅनन) जमवतो, काच दाखवते १,३३०. भागाकार करा. गोकूने स्वतःच्या साधारण २.२ पट जमवलं, पिकोलोने जवळपास ३.३ पट.

म्हणजे माणसाचा आकडा वेगळा आणि हल्ल्याचा आकडा वेगळा. मालिकेने हे पहिल्याच लढाईत सांगून टाकलं आहे. तरीही नव्वद टक्के वाद (हा ‘नव्वद’ माझा अंदाज, तक्त्यात टाकू नका) असे असतात: अमक्याचा आकडा तमक्यापेक्षा मोठा, म्हणून त्याचा हल्ला मोठा. या लढाईत अजून एक गोष्ट घडते. गोकूचा चार वर्षांचा मुलगा गोहान रडत असताना काच ७१० दाखवते, आणि तो चिडून कुपी फोडून बाहेर येतो तेव्हा १,३०७. राडिट्झला वाटतं यंत्र बिघडलं. यंत्र बिघडलेलं नसतं. बदललेला असतो तो क्षण.

म्हणून कुठलाही आकडा पाहिला की मी आता आधी विचारते: कधीचा? दमलेला असतानाचा, रागातला, की लपवलेला? मालिकेत पृथ्वीवरचे योद्धे स्वतःची शक्ती दाबून ठेवायला शिकलेले असतात आणि परग्रहावरच्यांना तो प्रकार माहीतच नसतो. यंत्रावर विसंबून राहणारे त्यामुळे सतत मार खातात. तोरियामांनी आकडे आणले आणि त्याच दमात आकड्यांवर विश्वास ठेवणाऱ्यांना मूर्ख ठरवलं. वाचकांनी पहिली गोष्ट उचलली, दुसरी सोडून दिली.

आता माझ्या ९,००० कडे येते.

प्रसंग १९८९ सालचा. व्हेजिटा आणि नाप्पा पृथ्वीवर आलेत, गोकूचे मित्र मेलेत, गोकू उशिरा पोचतो. तो दुरून उडत येत असतानाच व्हेजिटाच्या काचेवर साधारण ५,००० दिसतात. पोचल्यावर तो संतापाने शक्ती एकवटतो, आकडा चढत जातो, नाप्पा विचारतो किती, आणि व्हेजिटा ती काच हातात चिरडून सांगतो. जपानी मासिकात, जपानी पुस्तकात, आणि तोएई कंपनीने केलेल्या जपानी अॅनिमेशनमध्येही तो सांगतो: ८,००० च्या वर.

९,००० आले अमेरिकन प्रेक्षकांसाठी कॅनडातल्या व्हँकुव्हरला केलेल्या इंग्रजी आवाजातून. तो भाग तिकडे १९९७ मध्ये दाखवला गेला. आणि २००६ मध्ये त्या आरोळीचा तुकडा इंटरनेटवर विनोद म्हणून पसरला तेव्हा ९,००० जगाच्या डोक्यात पक्के बसले. आपल्याकडे कार्टून नेटवर्कवर जे ड्रॅगन बॉल झी आलं ते इंग्रजी आवृत्तीच्याच वाटेने आलं. त्यामुळे माझ्या ‘माहीत असण्याचा’ उगम माझं बालपण, एक अमेरिकन भाषांतर आणि एक विनोद, एवढाच होता. साठ ओळींच्या तक्त्यात साधनाचा रकानाच नव्हता, म्हणून ते लपून राहिलं.

तुम्ही म्हणाल, एका हजाराने काय बिघडतं? मीही मॅडमना हेच म्हणाले. मग घरी येऊन बेरजा करत बसले आणि लक्षात आलं की बरंच बिघडतं.

गोकूकडे काइओकेन नावाचं तंत्र आहे. ते शक्ती काही काळ दुप्पट, तिप्पट, चौपट करतं आणि त्याची किंमत शरीर मोजतं. शुएइशा प्रकाशनाच्या ‘दाइझेन्शू’ या अधिकृत ग्रंथमालेच्या १९९६ मधल्या सातव्या खंडात या लढाईतल्या व्हेजिटाचा आकडा १८,००० दिला आहे. आता कथा आठवा. गोकू दुप्पट काइओकेन लावतो तरी व्हेजिटापुढे कमीच पडतो. शरीर फाटेल हे माहीत असूनही त्याला तिप्पट लावावं लागतं, मग व्हेजिटा मार खातो. ८,००० धरा: दुप्पट १६,०००, व्हेजिटापेक्षा कमी. तिप्पट २४,०००, जास्त. कथा चपखल बसते. आता ९,००० धरा: दुप्पट १८,०००. बरोबरी! मग तिप्पट लावून अंग मोडून घ्यायची गरजच काय होती? गोकूने पत्करलेला धोका, त्या लढाईतला सगळा जीव, या एका हजारावर टांगलेला आहे.

या शोधाने मी एवढी खूश झाले की तेवढ्याच रात्री मॅडमना मोठा मेल पाठवला. त्यांचं दोन ओळींचं उत्तर आलं: १८,००० हा आकडा लढाईच्या वेळचा आहे की नंतरचा? नंतरचा असेल, तर तो ८,००० वरूनच कोणी हिशोब करून बसवला नसेल कशावरून?

नंतरचाच. लढाई सुरू होताना व्हेजिटाकडचं एकमेव यंत्र त्यानेच चिरडलेलं असतं, त्याला मोजायला तिथे कुणीच नसतं. म्हणून माझा सुंदर हिशोब ‘कथा आणि ग्रंथ एकमेकांशी जुळतात’ एवढंच सांगतो, ‘८,००० खरं आहे’ हे सिद्ध करत नाही. ते सिद्ध होतं मूळ पान उघडून बघितल्यावर. दहा मिनिटांचं काम. मी तीन दिवस गुणाकार केले.

पण गुणाकार अगदीच वाया गेले असं नाही, कारण त्यांतूनच गॅलिक गनचा तो जुना प्रश्न नव्याने दिसला. मार खाल्लेला व्हेजिटा चिडून हवेत उंच जातो आणि पृथ्वीच उडवतो असं ओरडून गॅलिक गन सोडतो. खालून गोकू तिप्पट काइओकेनमध्ये कामेहामेहा सोडतो. दोन्ही झोत मध्ये अडकतात, कोणी मागे हटत नाही. मग गोकू चौपट करतो आणि व्हेजिटा आकाशात फेकला जातो. आता आकडे लावा. तिप्पट म्हणजे २४,०००, समोर १८,०००, तरी बरोबरी! जर हल्ल्याचा जोर माणसाच्या आकड्याइतकाच असता, तर कामेहामेहा तिथेच जिंकायला हवा होता. याचा सरळ अर्थ असा निघतो की व्हेजिटा गॅलिक गनमध्ये स्वतःच्या आकड्यापेक्षा जास्त जमवत होता, आणि त्याचं जमवण्याचं प्रमाण गोकूपेक्षा मोठं होतं. राडिट्झच्या लढाईतले २.२ आणि ३.३ आठवा. पिकोलोचं प्रमाणही गोकूपेक्षा मोठंच होतं.

म्हणून मधल्या सुट्टीतल्या वादाला माझं उत्तर असं: हल्ला म्हणून बघितला तर गॅलिक गन सरस, ती लढाई जिंकली काइओकेनने. व्हेजिटाचे चाहते खूश होतील. गोकूचे चाहते लगेच विचारतील, तेव्हा गोकू दमलेला नव्हता का, काइओकेनने त्याचं अंग आधीच मोडलेलं नव्हतं का? बरोबर प्रश्न आहे. म्हणजेच, आकडा कधीचा?

चाहत्यांच्या वादांत एक वेगळी वाट भौतिकशास्त्राची आहे. आकडे सोडा, काय मोडलं ते बघा, आणि ते मोडायला किती ऊर्जा लागेल ते काढा. जपानमध्ये ही वाट लोकप्रिय केली यानागिता रिकाओ यांच्या १९९६ सालच्या ‘कूसो कागाकु दोकुहोन’ या पुस्तकाने. त्यात अल्ट्रामॅनसारख्या पडद्यावरच्या वीरांना खरे भौतिक नियम लावले आहेत आणि ते वीर बहुतेक वेळा तोंडघशी पडतात. वाचायला मजा येते, माझीही एक संध्याकाळ त्यात गेली.

आपणही करून बघू. चंद्राचे तुकडे होऊन ते पुन्हा एकत्र येऊ नयेत इतकं फोडायला साधारण १.२ गुणिले १० चा २९ वा घात इतके ज्यूल लागतात. पृथ्वीला सुमारे २.२ गुणिले १० चा ३२ वा घात. म्हणजे पृथ्वी फोडणं हे चंद्र फोडण्यापेक्षा अंदाजे १,८०० पट कठीण. आता चंद्र फोडणाऱ्या मास्टर रोशीचा आकडा किती? राडिट्झची काच दुरुस्त करून बुल्मा तो मोजते: १३९. त्याला १,८०० ने गुणलं तर पृथ्वी फोडायला अडीच लाखांचा आकडा हवा. व्हेजिटाकडे १८,०००. मग त्याची धमकी पोकळ होती?

हा हिशोब पहिल्यांदा केला तेव्हा मला वाटलं सापडलं काहीतरी. पण तो उलगडून बघा, त्यात किती गोष्टी गृहीत धरल्या आहेत. आकडा आणि ऊर्जा सरळ प्रमाणात आहेत. रोशीने चंद्र फोडला तेव्हाही तो १३९ होता, जरी ते मोजमाप कित्येक वर्षांनंतरचं आणि शांत बसलेलं असतानाचं असलं. त्याने हल्ल्यात जास्तीचं काहीच जमवलं नाही, जरी आपण वरच पाहिलं की सगळे जमवतात. आणि कागदावर चंद्राच्या जागी स्फोट काढलेला आहे, म्हणजे तुकडे कायमचे विखुरले. या चारपैकी एकही गोष्ट मासिकाच्या पानावर नाही. ज्यूल अचूक, बाकी सगळं माझ्या मनचं.

यानागितांच्या पुस्तकावर हीच टीका झाली. विज्ञानकथा लेखक यामामोतो हिरोशी यांनी २००२ मध्ये एक अख्खं पुस्तक त्याच्या खंडनासाठी लिहिलं. मूळ कृती नीट न बघता तिच्यात नसलेलं गृहीत धरायचं आणि मग तिला चूक ठरवायचं, हा त्यांचा आक्षेपाचा मोठा भाग. साधन नीट वाचा म्हणून कोणी एवढं रागावलेलं पाहिलं की मला आता आपुलकी वाटते.

बरं, ‘काय मोडलं ते बघा’ म्हणावं, तर तेही कुठे बघायचं हा प्रश्न उरतोच. व्हेजिटा ग्रह फोडू शकतो याचा ठोस पुरावा म्हणून चाहते आर्लिया ग्रहाचं उदाहरण देतात. पृथ्वीकडे येताना व्हेजिटा आणि नाप्पा तिथे थांबतात, आणि निघताना व्हेजिटा एका झोतात तो ग्रह संपवतो. मी स्वतः पाहिलेलं आहे. अडचण एवढीच की तोरियामांच्या मासिकातल्या कथेत आर्लिया नाहीच. दर आठवड्याला भाग दाखवायचा, आणि मासिक पुढे सरकायची वाट बघायची, यात अॅनिमेशन कंपनी मधल्या जागा स्वतःच्या प्रसंगांनी भरत असे. आर्लिया हा त्या भरावातला. तो पुरावा मानायचा का? वादाचा निकाल बहुतेक वेळा इथेच लागतो, आणि तो हल्ल्यांबद्दल नसतोच, तो असतो कुठली साधनं चालतील याबद्दल.

साधनं तरी किती! मासिकातली पानं, त्यांची पुस्तकं, अॅनिमेशन, चित्रपट, अधिकृत ग्रंथ, भाषांतरं. शिवाय बांदाई कंपनीने १९८८ पासून यंत्रातून विकलेली कार्डं, ज्यांच्यावर लढाऊ शक्तीचे आकडे छापलेले असत. मासिकात न दिलेले आकडेही मुलांच्या खिशात होते. माझ्या तक्त्यात हे सगळं एकाच रकान्यात, एकाच टाइपात, शेजारी शेजारी बसलं होतं.

सगळ्यात मोठ्या वादाचे आकडे घ्या. नामेक ग्रहावर फ्रीझा स्वतःच्या तोंडाने सांगतो की त्याची शक्ती ५ लाख ३० हजार आहे. हा यंत्राचा आकडा नाही, शत्रूला घाबरवण्यासाठी केलेला दावा आहे. मालिकेत तो खरा धरलेला दिसतो, पण जात वेगळी. आणि त्या लढाईच्या शेवटी, सुपर सायान झालेला गोकू १५ कोटी आणि पूर्ण शक्तीचा फ्रीझा १२ कोटी, हे तर कुठल्याही पात्राने उच्चारलेलं नाही. ते १९९६ च्या दाइझेन्शूमध्ये आहे, म्हणजे मूळ मालिका संपल्यावर आलेल्या ग्रंथात. चाहते ते असे फेकतात की जणू फ्रीझाने स्वतः पावती दिली.

(जाता जाता: जपानीत दहा हजारांचा गट असतो, त्यामुळे फ्रीझाचा आकडा तिकडे ‘५३ दशसहस्र’ असा म्हणतात. तो इंग्रजीतून मिलियनमध्ये आणि तिथून आपल्या लाख-कोटीत आणताना मी एका ओळीत एक शून्य जास्त दिलं होतं. ते मॅडमच्या नाही, माझ्या धाकट्या भावाच्या लक्षात आलं.)

दोन वेगळ्या मालिका भिडवल्या की गोंधळ आणखी वाढतो. कामेहामेहा विरुद्ध नारुतोचा रासेंगान हा वाद तुम्ही ऐकला असेलच. मासाशी किशिमोतो यांची ‘नारुतो’ त्याच साप्ताहिकात १९९९ ते २०१४ चालली. तिच्यात तंत्रांना श्रेणी असते, रासेंगान ‘ए’ श्रेणीचं. पण ही श्रेणी ते तंत्र शिकायला किती अवघड आहे याची आहे, त्याने किती नुकसान होतं याची नाही. म्हणजे एकीकडे काचेवरचा आकडा, दुसरीकडे अभ्यासक्रमाची काठिण्यपातळी. मी दोन्हींना ‘हल्ल्याची ताकद’ असं शीर्षक दिलं होतं. शीर्षक एक केलं म्हणून मोजमाप एक होत नाही. तुमच्या प्रश्नावलीत ‘शिक्षण’ किंवा ‘उत्पन्न’ हा रकाना दोन वेगळ्या सर्वेक्षणांतून उचललेला असेल, तर आजच उघडून बघा.

नामेकनंतर तोरियामांनी आकडे जवळपास सोडूनच दिले. भविष्यातून आलेला ट्रंक्स पृथ्वीवर फ्रीझाच्या सैन्यासमोर उभा राहतो, एक शिपाई काचेतून बघतो आणि सांगतो: ५. पहिल्या पानावरच्या शेतकऱ्याइतकाच. पुढच्या काही पानांत त्यांतला एकही जिवंत राहत नाही.

माझ्या तक्त्यात आता सहा रकाने आहेत: कोणी मोजलं किंवा म्हटलं, कुठल्या आवृत्तीत, आणि कुठल्या साली, हे तीन नवे. साठपैकी ३७ ओळी उरल्या. बाकीच्या मला ‘माहीत’ होत्या, पण कुठून ते सापडलं नाही. ९,००० ची ओळ काढून टाकावी असं मला वाटत होतं, मॅडम म्हणाल्या राहू दे. ती आता तक्त्याच्या शेवटी आहे: ‘व्हेजिटा, इंग्रजी आवाज, १९९७’. तिच्यावरूनच पुढचं प्रकरण सुरू होतंय, कारण गोकूबद्दल ती चूक असली तरी १९९७ नंतरच्या प्रेक्षकांबद्दल ती अगदी बरोबर आहे. ते प्रकरण डिसेंबरपर्यंत द्यायचं आहे.